सेनामची बहीण

सेनामनं तिसऱ्यांदा अंगण झाडायला घेतलं, तेव्हा देलाचा माशांवरचा हात थांबला.

मातीच्या गोल भट्टीवर धुरी द्यायला मासे लावायचे राहिले होते. खाजणाच्या पाण्यावर ऊन नुकतंच चढत होतं, आणि ही बया पहाटेपासून झाडू घेऊन वाकलेली.

“अगं, केर कुठं उरलाय आता? वाळू झाडतेस का?”

“पाहुणे येतील ना, दावी.” थोरल्या बहिणीला ती दावीच म्हणे.

“कुठले पाहुणे? गाडी उद्या येणार तुला न्यायला. तीही रस्त्यावरूनच हॉर्न वाजवेल.”

सेनाम हसली. हसू जरा जास्तच लांबलं. मग ती कालच्या सभेबद्दल सांगू लागली, ते अर्धवट सोडून आईच्या जुन्या होडीबद्दल, तेही सोडून राजधानीतल्या, अक्राच्या कुठल्याशा शिंप्याबद्दल. देला ऐकत नव्हती. ती फक्त बहिणीच्या बोलण्याचा वेग ऐकत होती. हा वेग तिच्या ओळखीचा होता. पहिल्यांदा असंच झालं होतं. आधी झाडलोट, मग न थांबणारी बडबड, मग झोप उडाली, आणि मग सगळ्या बाजारासमोर अंगावरचे कपडे फेडणं. तेव्हा सेनाम चोवीस वर्षांची होती.

त्यानंतर मामांनी तिला प्रार्थनेच्या शिबिरात नेऊन घातलं. तिथं आंब्याच्या झाडाला साखळीनं बांधलेली ती दोन पावसाळे बसून होती. आई रडून रडून अंथरुणाला खिळली. देला रोज मासे विकून, डब्यात मक्याच्या पिठाचे आक्प्लेचे गोळे आणि भेंडीचा रस्सा घेऊन, कुंपणाबाहेर उभी राहायची. आत सोडत नसत, तेव्हा तारेतून घास भरवायची. याच काळात तिच्या ठरलेल्या नवऱ्याच्या घरून निरोप आला, की ज्या घरात वेड आहे तिथली मुलगी आम्हाला नको. मुलगा स्वतः आलासुद्धा नाही. पुढं सरकारी दवाखान्यातला मानसिक आजारांचा नर्स, एफो डोत्से, याला सायकलवर मागं बसवून घेऊन शिबिराच्या पाद्र्याशी भांडली तीही देलाच. साखळी सुटली. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू सेनाम माणसांत आली.

नुसती माणसांत आली असती तर देलाला काही म्हणायचं नव्हतं. पण ती थेट मंचावर गेली.

अक्राच्या एका संस्थेनं तिला हेरलं. वेडाच्या रोग्यांना साखळ्या घालू नका, तालुक्यातालुक्याला औषधं द्या, असं सांगत ती गावोगाव फिरू लागली. रेडिओवर तिचा आवाज येई आणि माशांच्या बाजारातल्या सगळ्या बायका माना वाकड्या करून ऐकत. “त्या अंधारात माझं असं कुणी नव्हतं,” सेनाम रेडिओवर म्हणाली होती. देलाच्या हातातला मासा तेव्हा मधोमध तुटला. कुणी नव्हतं? तारेतून आत जाणारा हात कुणाचा होता मग? घरी आल्यावर तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सेनामनं माफी मागितली असती, गळ्यात पडली असती. देलाला माफी नको होती. देलाला तो रेडिओ हवा होता.

आई गेली तेव्हाही तिच्या ओठांवर सेनामचंच नाव होतं. सेनाम आजारी होती तेव्हा आईची सगळी माया तिला. बरी झाली तर सगळ्या जगाची. बाजारात देलाला आता कुणी नावानंसुद्धा हाक मारत नसे. ‘सेनामची बहीण’ हीच तिची ओळख.

दुपारी सेनाम शेजारणींकडं गेली तेव्हा देलानं तिच्या पिशवीतून उद्याचं कापड इस्त्रीला काढलं. संस्थेनं सगळ्या वक्त्यांना एकाच छापाचं, निळ्या पक्ष्यांचं कापड दिलं होतं. कापडाखाली पिशवीच्या तळाशी गोळ्यांची पाकिटं होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

देला ती पाकिटं हातात घेऊन उभी राहिली. सेनामनं त्या का घेतल्या नाहीत ते तिला ठाऊक होतं. गोळ्यांनी सेनामचे हात थरथरत, आणि कॅमेऱ्यासमोर माइक धरताना ते दिसे, म्हणून ती मागं एकदा रडलीही होती. उद्या हो शहरातल्या सभागृहात मंत्री येणार होता. टीव्हीवाले येणार होते.

आत्ता एफो डोत्सेकडं धावत गेलं तर तो सायकल मारत येईल. सेनामला समजावेल, उद्याचं रद्द करेल.

तेवढ्यात शेजारची अफी दारातून डोकावली. “काय गं, उद्या तुझी बहीण मंत्र्याशी हात मिळवणार म्हणे! नशीबवान घर हो तुमचं. आणि तू? तू जातेस का मिरवायला, की भट्टीच सांभाळणार?”

“जाते ना. मागच्या रांगेत बसायला कुणीतरी लागतंच.”

अफी हसत गेली. देलानं पाकिटं होती तिथंच ठेवली, वर कापडाची नीट घडी घातली, आणि पिशवीचं तोंड आवळून टाकलं. उद्या बघतील लोक, ती मनात म्हणाली. बघू दे की एकदा, हिला सांभाळणं म्हणजे काय असतं ते.

सभागृहात पंखे गरगरत होते. देलाला खरंच मागच्या रांगेत जागा मिळाली. एफो डोत्से बाजूच्या भिंतीशी उभा होता. संस्थेच्या प्रमुख मॅडम बेंटिल यांनी सेनामची ओळख करून दिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सुरुवात झकास झाली. साखळीचा व्रण दाखवायला सेनामनं घोटा पुढं केला तेव्हा मंत्र्यानंही मान खाली घातली. पण मग तिचं बोलणं पळू लागलं. औषधांवरून ती मंत्र्याच्या बुटांवर आली. “किती चकचकीत हो! यात तोंड बघून दाढी करता का?” काही जण हसले. सेनामला ते हसू गोड लागलं. ती आणखी बोलली, आणखी हसली, आणि एका हातानं डोक्याचा रुमाल सोडू लागली.

देलाच्या छातीत काहीतरी सुखावलं. खोटं कशाला बोला, सुखावलंच. घ्या, ही तुमची सेनाम.

मग पुढच्या रांगेत एक मोबाइल वर झाला. त्याच्या मागं दुसरा. मग रांगच्या रांग. रुमाल सुटून खाली पडला होता आणि सेनामची बोटं आता पोलक्याच्या गळ्याशी आली होती. तिचे डोळे मात्र हसत नव्हते. ते डोक्यांवरून भिरभिरत कुणाला तरी शोधत होते, आणि मागच्या रांगेत येऊन थांबले. कुंपणाच्या आतून ती अशीच बघायची.

देला उठली आणि तिनं किंकाळी फोडली.

“खोटारडी! सगळी खोटी आहे ही! कुणी नव्हतं म्हणते! मी नव्हते का? बोल ना! मी कोण होते?”

सगळ्या माना वळल्या. सगळे मोबाइल वळले. देलानं पायातली चप्पल काढून जमिनीवर आपटली, डोक्याचं फडकं भिरकावलं, खुर्ची उलथली. “माझं लग्न गेलं! माझी आई गेली! माझ्या हाताला मेल्या माशांचा वास येतो आणि हिच्या हातात माइक! मला द्या तो! एक दिवस मला द्या!” आधी तिनं ठरवून आवाज चढवला होता. पण शब्द एकदा निघाले ते तिला आवरेनात. ती थुंकली, रडली, छाती बडवू लागली. पाच वर्षांचं सगळं त्या फरशीवर सांडलं.

“अरेरे, हिलाही आहे वाटतं,” जवळची एक बाई कुजबुजली. “घराण्यातच असतं ते.”

कार्यकर्ते हात पसरून हळूहळू पुढं आले. “ताई, शांत व्हा. तुम्हाला कुणी काही करणार नाही.”

“सरका,” सेनाम मंचावरून धावत खाली आली होती. “माझी बहीण आहे ती. मी बोलते तिच्याशी. मला माहिती आहे कसं बोलायचं ते.” तिनं देलाला घट्ट मिठी मारली. लोक गहिवरले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

देलानं तिच्या कानाशी तोंड नेलं. “चल बाहेर. गोळ्या तुझ्या पिशवीच्या तळाशीच आहेत. काल पाहिल्या मी.”

 सेनाम मिठीतून मागं सरली आणि तिनं बहिणीकडं पाहिलं.

“काल?” ती म्हणाली.

 दोघी एकमेकींना धरून दाराबाहेर गेल्या. कोण कुणाला नेतंय ते पाहणाऱ्याला समजलं नसतं. एफो डोत्सेला समजलं. त्यानं मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, सेनामला बसवलं, औषध दिलं. मॅडम बेंटिलनी बाहेरून हलकेच विचारलं, “सेनामच्या आजारी बहीणबाई कशा आहेत आता?” डोत्सेनं देलाकडं पाहिलं. देलानं होकाराची मान हलवली. “बऱ्या आहेत,” तो दाराआडूनच म्हणाला.

ती चित्रफीत देशभर फिरली. रेडिओवर सेनामचं कौतुक झालं, की भाषण अर्धं टाकून ती आपल्या वेड्या बहिणीकडं धावली. त्यातसुद्धा तिचंच कौतुक! हे ऐकताना देलाला हसू आलं आणि त्याच क्षणी दातओठ खावेसेही वाटले.

सेनामला सावरायला बरेच दिवस लागले. ती घरातच होती. एका दुपारी चटईवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “मी खरं काय ते सांगते लोकांना.”

“कशाला? पुन्हा टाळ्या घ्यायला?”

 सेनाम कुशीवर वळली आणि म्हणाली, “दावी, ते नाटक होतं ना?”

“जेव. गार होतंय.”

“आणि आदल्या दिवशी? तेव्हा का नाही बोललीस?”

देलानं ताटलीतल्या माशाचे काटे काढले, आक्प्लेचा गोळा रश्शात बुडवला आणि तिच्यापुढं धरला. सेनामनं तो तोंडात घेतला नाही. स्वतःच्या हातात घेतला, आणि भिंतीकडं तोंड करून सावकाश खाल्ला. गोळी मात्र तिनं न सांगता घेतली. महिन्याभरानं ती अक्राला गेली. जाताना दावीच्या पाया पडली, पण गळ्यात पडली नाही.

बाजारात देलाच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापल्या टोपल्या जरा लांब सरकवल्या होत्या. कुणी काही वाईट बोललं नाही. उलट फार गोड बोलत, लहान मुलाशी बोलावं तसं. गिऱ्हाईक कमी झालं. आता तिला सेनामची बहीणही कुणी म्हणत नसे.

एका बाजाराच्या दिवशी एक अनोळखी बाई बराच वेळ पलीकडं घुटमळत राहिली. मग जवळ आली. मासे न बघताच म्हणाली, “तुम्हीच ना त्या? होच्या सभेतल्या?”

देलानं मान वर केली. “तुम्हाला सेनामशी बोलायचं असेल तर ती इथं नाही. अक्राला असते.”

“नाही, नाही. त्या मोठ्या बाई. त्यांच्याशी काय बोलणार मी?” बाईनं आवाज खाली आणला. “माझ्या नवऱ्याला बांधून ठेवलंय हो घरात. भाऊ म्हणतात, शिबिरात टाका. तुम्हालाही तसंच होतं ना? आणि आता बघा, दुकान मांडून बसलाय तुम्ही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

शेजारच्या बायकांचे कान इकडं लागले होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

“दवाखान्यात एफो डोत्से बसतो,” देला म्हणाली. “बाजार उठला की मी येते तुमच्याबरोबर. आधी घरी जाऊन दोर सोडू, मग त्याला बोलवू. तोवर बसा.”

बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि देलाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत अंगावरचं कापड सावरून बसली. देलानं आपल्या बुडाखालचा लाकडी पाट काढला आणि तिच्याकडं सरकवला.