काचेवरची रेघ

मी स्कॅनर बोलतोय. कपाटावर बुटांच्या रिकाम्या खोक्याखाली पडलोय, म्हणून आवाज जरा दबका येईल.

एका नोकरदार माणसाने मला हौसेने घरी आणलं. दिवसभर तो औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं मांडायचा, आणि सकाळी ऑफिसला जाण्याआधी एका आळशी भुताची चित्रमालिका काढायचा. हे भूत भाड्याच्या खोलीत राहायचं आणि त्याला लोकांना घाबरवायचा कंटाळा यायचा. कागद माझ्या काचेवर पालथा पडायचा, मी उजेड फिरवायचो, आणि भूत या माणसाच्या स्वतःच्या वेबसाइटवर झळकायचं. वर ना संपादक, ना मालक.

एकदा बस चुकेल म्हणून या शहाण्याने माझ्याच काचेवर पट्टी ठेवून कागदाची कडा कटरने कापली. मला कायमचा ओरखडा पडला. तेव्हापासून प्रत्येक भागात वरच्या कोपऱ्यातून एक रेघ लोंबू लागली. तो ती पुसणार, तोच वाचक विचारू लागले, "ही दोरी कुणी सोडलीय? भूत ती ओढणार कधी?"

रात्रपाळी करणारी एक नर्स तर नेमाने लिहायची, "दादा, दोरी ओढायच्या आधी कळवा हं. मी सुट्टी टाकते."

तो हसून बेजार झाला. बायकोला म्हणाला, "शेवटच्या भागात ओढू. वर काय आहे ते मला सुचलंय." काय ते मात्र त्याने तिलाही सांगितलं नाही. माझ्या जखमेचं एवढं कौतुक होतंय म्हणून मीही फुगलो होतो.

मग एका मोठ्या ॲपवाल्यांचा फोन आला. त्यांना भूत हवं होतं, पण रंगीत, रोजच्या रोज, फोनवर बोटाने सरकवण्यासारखं. "आणि ती रेघ काढा, चूक वाटते," असंही म्हणाले. याने नंदीबैलासारखी मान डोलावली. चित्रं थेट संगणकावर काढायला लागला आणि मी कपाटावर गेलो. दोरी कुठे गेली, असं वाचकांनी काही दिवस विचारलं, मग तेही पांगले.

पुढे ॲपने गाशा गुंडाळला. भूत त्यांच्या मालकीचं झालं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. जुन्या साइटचा पत्ता याने केव्हाच सोडून दिला होता. तिथे आता टक्कल घालवणाऱ्या औषधाची जाहिरात दिसते. मूळ कागद घर बदलताना रद्दीत गेले. माझ्याकडे मागू नका. माझ्यासमोरून सगळं गेलं, पण माझ्यात काही राहत नाही, याचाच मला राग येतो.

परवा त्याच्या मुलीला शाळेत चित्र पाठवायचं होतं, म्हणून मला खाली काढलं. दिवा लागला तेव्हा, खरं सांगतो, मला आशा वाटली. पडद्यावर तिने काढलेलं घर उमटलं, आणि छपरावर वरून लोंबणारी ती रेघ.

"बाबा, ही दोरी कसली?"

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता सांगेल. वर काय होतं ते निदान पोरीला तरी सांगेल.

"दोरी नाही गं. काच खराब आहे त्याची," तो म्हणाला. "पुसून टाक."

तिने पुसली. रेघ लगेच गेली.

भंगारवाल्याला फोन झालाय. माझं आता काही मागणं नाही. फक्त ती नर्स कुठे भेटली तर तिला एवढं सांगा, बाई, सुट्टी टाकू नका.