ताटावरचे तीन ठिपके

पुण्यात नावं ठेवणारे पैशाला पासरी मिळतात; भांड्यावर हाताने नाव घालणारी माणसं मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पूर्णिमा भोयर त्यांतली एक. रविवार पेठेत मेहबूबचाचांच्या भांड्यांच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला तिची बैठक. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचा आणि पूर्णिमाने छिन्नी-हातोडीने तो भांड्यावर उतरवायचा. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठी, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘स्मरणार्थ’. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं बरंवाईट तिच्या हाताखालून जायचं.

ही बैठक आधी तिच्या वडिलांची, ज्ञानदेवांची. त्यांच्याकडून तिने दोन गोष्टी घेतल्या होत्या. मजकूर पुरा झाला की शेवटी तीन ठिपके द्यायचे, चुलीच्या तीन दगडांसारखे. ही त्यांची सही. ठिपके पडले म्हणजे काम संपलं, आणि ठिपके न देता भांडं दुकानाबाहेर जाणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, जन्माला न आलेल्या बाळाचं नाव कधी घालायचं नाही. उत्साही आजोबा वाटी घेऊन यायचेच. पूर्णिमा मान वर न करता म्हणायची, “बाळ आलं की या. दुकान कुठे पळून जात नाही. एक ते चार बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.”

आणि हाच नियम तिने स्वतः मोडला.

लग्नाला सात वर्षं झाली होती. तिचा नवरा दत्तप्रसाद मूळचा यवतमाळचा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. चार वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर एका रविवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, “बापा, पुरे झालं आता. आपल्याला मूल पाहिजे की रिपोर्ट?” पूर्णिमाने कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मूल.” एवढीच चर्चा. त्याच आठवड्यात दोघांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं.

त्या दिवशी ती दुकानात आली तीच मुळी हवेत तरंगत. कपाटातून पितळी तांब्या काढला आणि त्यावर घालून टाकलं, ‘चि. सृष्टी’. मुलगी येणार, तिचं नाव सृष्टी असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. वर तीन ठिपकेही दिले.

मेहबूबचाचांनी चष्मा कपाळावर चढवला. “बेटा, तुझ्या वडिलांनी बघितलं असतं तर हातोडी काढून घेतली असती.”

“ते असते तर त्यांनीच घातलं असतं, चाचा.”

घरातल्या फळीवर तांब्या जाऊन बसला. तिथे आधीच लग्नातलं घंगाळ होतं, वाघोलीचा फ्लॅट घेतला तेव्हाचं पातेलं होतं, दत्तप्रसादला बढती मिळाली तेव्हाचा डबा होता. त्यांच्या संसाराची बखरच ती. घराची पाहणी करायला आलेल्या समाजसेविकेने फळीवरची सगळी भांडी वाचून काढली. तांब्यापाशी थांबून तिने विचारलं, “ही कोण?”

“यायची आहे,” पूर्णिमा म्हणाली.

पण यायचं नाव कोण घेतो! यादीतला नंबर मुंगीच्या पावलांनी सरकत होता. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. लग्नाचा दहावा वाढदिवस आला आणि गेला. रोज दुसऱ्यांच्या बारशाच्या वाट्या तिच्या हातून जात होत्या. पूर्णिमा रडूबाई नव्हती, पण एकदा तांब्या घासताना तिला असं काही भरून आलं की नळ चालू ठेवून ती दहा मिनिटं तशीच उभी राहिली. मग नळ बंद करून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, आपण दोन वर्षांपर्यंतचंच मूल मागितलंय ना? सहा वर्षांपर्यंत करूया. बारशाच्या वाट्या मी रोजच करते. आपण एकदम शाळेच्या डब्यापासून सुरुवात केली तर काय बिघडलं?”

दत्तप्रसाद हसला. “बिघडते काय? झोपमोड वाचते.”

अर्जात बदल झाला, आणि चारच महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी, तिच्या मोबाइलवर निरोप आला. मुलगी. वय पाच वर्षं. साताऱ्याकडच्या एका संस्थेत. सोबत फोटो होता: कपाळावर आठी, केस कानापर्यंत, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं स्टीलचं ताट. उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तास.

आता दत्तप्रसादला सांगायचं कसं? कारखान्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवरच जमा करावा लागतो. पाच वाजेपर्यंत तो माणूस जगाला मेलेला. पूर्णिमाने हातातली कामं संपवली, रिक्षा केली आणि खडकीच्या गेटसमोर जाऊन उभी राहिली. भोंगा झाला, सायकली आणि मोटरसायकली बाहेर पडल्या. बायकोला गेटवर बघून दत्तप्रसादच्या तोंडचं पाणीच पळालं.

“काऊन गं? कोणाला काय झालं?”

तिने मोबाइल पुढे केला. तो फोटोकडे बघत राहिला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तरी जागचा हलेना.

“हो कळवलंस?”

“तुम्हाला न विचारता कशी कळवू?”

“मग दुपारपासून केलंस काय?”

“तीन बारशाच्या वाट्या आणि एक वास्तुशांत.”

गेटवरच, रिक्षांच्या गर्दीत, दोघांनी होकार कळवला. तेव्हा कुठे दत्तप्रसादने नाव नीट वाचलं. “मुक्ताई लिहिलंय इथे. मग आपला तांब्या?”

हा प्रश्न यवतमाळलाही पडला होता. रात्री मंदाकिनीताईंचा, म्हणजे दत्तप्रसादच्या बहिणीचा फोन आला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्यांनी तीन वर्षांपासून तयारी करून ठेवली होती. “पूर्णिमा, मूल मोठं असलं म्हणून काय झालं? थाटात बारसं करू. सृष्टी ठरलंय ना आपलं? लहान लेकरू आहे, चार दिवसांत विसरते जुनं नाव.”

फोन ठेवून पूर्णिमाने फळीवरचा तांब्या खाली काढला. खोटं कशाला बोला, तिलाही सृष्टीच हवी होती. तीन वर्षं ज्या नावाशी मनातल्या मनात बोलली, ते सोडायचं म्हणजे जिवावर येत होतं. दुसऱ्या दिवशी तिने तांब्या पिशवीत घालून दुकानात नेला आणि चाचांना विचारलं, “चाचा, घातलेलं नाव घासून काढता येतं का हो?”

“येतं की. पण मग त्या जागी भांडं पातळ होतं. तुला माहीत आहे, मला काय विचारतेस?”

खरंच, तिला माहीत होतं. तिने तिथूनच नणंदेला फोन लावला. “वन्सं, पाच वर्षं वापरलेलं नाव आहे ते. घासून काढायला गेलं तर पोर पातळ होईल. मुक्ताईच राहू दे. कानात सांगायचा मान तुमचाच. तिला ठाऊक असलेलंच नाव सांगा, म्हणजे चूक तरी व्हायची नाही.”

मंदाकिनीताई म्हणाल्या, “तू पुण्याची नसतीस तर मी रागावले असते.”

पुढच्या आठवड्यात दोघं भेटीला निघाली. पूर्णिमाच्या पिशवीत एक कोरी वाटी होती आणि वडिलांची छिन्नी-हातोडी. मुलीच्या समोर, तिला विचारून, नाव घालायचं असं तिने ठरवलं होतं. एकदा नियम मोडून बघितला होता, तेवढं पुरे.

संस्थेच्या अधीक्षकबाईंनी दोघांना आधी खोलीत बसवून घेतलं. “एक सांगते. मूल जाणतं आहे, तिचं ‘हो’ असल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. गेल्या वर्षी एक जोडपं आलं होतं. खाऊ दिला, फोटो काढले, ‘पुन्हा येतो’ म्हणाले, आणि आले नाहीत. महिनाभर ही फाटकापाशी बसायची. तेव्हापासून नवीन माणसाशी बोलत नाही. आज नाही म्हणाली, तर मी तिला जबरदस्ती करणार नाही.”

“करूही नका,” पूर्णिमा म्हणाली. सगळं त्या एका पाच वर्षांच्या ‘हो’वर येऊन ठेपलं होतं.

मुक्ताई आली ती फोटोतल्यासारखीच, ताट छातीशी धरून. जेवायची वेळ नव्हती, तरी ताट होतंच. दत्तप्रसादने “काय म्हणते मुक्ता?” असं विचारून पाहिलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “मुक्ता नाही. मुक्ताई.” आणि पुन्हा मिटली. पूर्णिमाने वाटी काढली, तिच्यापुढे धरली. मुलीने वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“मला माझं ताट आहे,” ती म्हणाली. “माझं नाव आहे त्याच्यावर.”

अधीक्षकबाई हळूच पुटपुटल्या, “देणगीतली ताटं आहेत. सगळ्यांवर एकच मजकूर आहे. हिला अजून वाचता येत नाही, आणि सांगायचा आमचा धीर झाला नाही.”

“बघू?” पूर्णिमाने विचारलं.

बराच वेळ विचार करून मुक्ताईने ताट पुढे केलं, पण कडेवरचा हात काही सोडला नाही. पूर्णिमाने वाकून पाहिलं. ‘कै. सुंदराबाई यांच्या स्मरणार्थ’. आणि शेवटी तीन ठिपके.

हे तर तिचंच अक्षर! आठ वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ आईच्या नावाने साठ ताटं घालून घेऊन गेले होते. दोन दिवस खपून तिने ती केली होती, मनगट सुजलं होतं, आणि ती पाठवायची कुठे हे विचारायचंही तिला सुचलं नव्हतं. तिचं पोर इतकी वर्षं तिच्याच अक्षरांवर जेवत होतं.

“वाच ना,” मुक्ताई म्हणाली. पहिल्यांदाच तिने पूर्णिमाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

‘मुक्ताई’ म्हणून टाकणं किती सोपं होतं! पण वीस वर्षांत पूर्णिमाने कोणाच्या भांड्यावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि खोटं वाचायची आज सुरुवात करायची तिची तयारी नव्हती.

“हे तुझं नाव नाही गं,” ती म्हणाली. “सुंदराबाई नावाच्या एका आजीचं आहे. आजी देवाघरी गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने तुम्हा सगळ्यांना ताटं दिली. हे कोणी कोरलं माहीत आहे? मी.”

मुक्ताईने ताट स्वतःकडे ओढलं. “खोटं.”

“ही वाटी बघ. दाखवते.”

तिने फरशीवर मांडी घातली, वाटी गुडघ्यात धरली आणि तीन ठिपके ठोकले. टक, टक, टक. मुक्ताईने वाटी घेतली, ताटाशेजारी धरली. या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर तिचं बोट कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग तिने अख्खं ताट पूर्णिमाच्या मांडीवर ठेवलं.

“माझं घाल.”

“आजींचं राहू दे ना वर?”

“राहू दे. खाली घाल.”

पूर्णिमाने अधीक्षकबाईंकडे पाहिलं. “हे ताट मी नेईन म्हणते. त्याच्या बदली एक नवीन देते.” बाईंनी मान डोलावली. छिन्नी चालू लागली. एकेक अक्षर उमटत होतं आणि मुक्ताईचं डोकं ताटावर असं झुकलं होतं की पूर्णिमाला हात आवरून ठोकावं लागत होतं. इतक्या वर्षांत हजारो नावं घातली, पण या तीन अक्षरांना लागला तेवढा वेळ कुठल्याच नावाला लागला नव्हता.

मुक्ताईने फ्रॉकचं टोक थुंकीने ओलं करून नाव खसाखसा पुसून पाहिलं. गेलं नाही. तरी तिच्या कपाळावर आठी होतीच.

“ठिपके?”

“ते शेवटी असतात. काम पुरं झाल्यावर.”

“मग कर ना पुरं.”

“तुझ्या नावापुढे आमचं आडनाव यायचंय. भोयर. त्याला सरकारचा कागद लागतो, आणि त्याच्याही आधी तुझं ‘हो’ लागतं. इथे बघ, जागा सोडली आहे.”

मुक्ताईने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मोजल्यासारखं इकडून तिकडे नेलं. फाटकाकडे एकदा पाहिलं, दत्तप्रसादकडे पाहिलं, आणि मग पूर्णिमाकडे.

“म्हणजे तुम्हाला परत यावं लागणार,” ती म्हणाली.

“यावंच लागणार,” पूर्णिमा म्हणाली. “ठिपके दिल्याशिवाय मी भांडं सोडत नाही. कोणालाही विचार.”

मुक्ताईने कोणालाच विचारलं नाही. तिने ताट उचललं, एकवार छातीशी धरलं, आणि स्वतःच्या हाताने पूर्णिमाच्या पिशवीत घातलं.

“मग हे तुमच्याकडेच ठेवा,” ती म्हणाली. “मी वाटीत जेवते तोवर.”