खडकावरची माझी खूण

मित्रांनो, मी एक म्हातारी अबॅलोन आहे. नाव परकं वाटलं तरी मी गोगलगाईच्याच गोतातली. माझं कवच माणसाच्या कानासारखं आहे. त्यामुळे वर बोटीत बोललेलं मला ऐकू येतं, असं मी तरी मानते.

समुद्रातल्या खडकाच्या कपारीत मी लहानाची मोठी झाले. शेवाळ खाल्लं, कवचाच्या भोकांतून श्वास घेतला आणि एकच मोठा पाय खडकाला घट्ट चिकटवून बसले. पूर्वी इथे आमची दाटी होती. मांसासाठी आणि चमकत्या कवचासाठी माणसांनी आम्हाला वेचून नेलं. शेवटी उरलो मी आणि शेजारचा एक नर. आमची अंडी पाण्यातच फळतात, म्हणून आम्ही जवळ असावं लागतं. एकजण लांब गेला की वंश बुडाला.

एकदा शिंपले काढणाऱ्या नणंद-भावजय आल्या. भावजय कामात नवी होती. तिने पातळ पट्टीने मला अलगद सोडवून वर नेलं.

"अगं, ही जात काढायची नसते," नणंद म्हणाली. "परत ठेव."

भावजयीने मला बोटीतूनच पाण्यात टाकलं आणि हात झटकले. मी वाळूत उताणी पडले. पायाला धरायला काही नव्हतं, आणि एक खेकडा तिरका तिरका जवळ येत होता. मी फार घाबरले.

"सोडली की, वन्सं."

"अशी? माहेरी पोचवते म्हणून तुला कुणी भर चौकात उतरवलं, तर चालेल?"

भावजय पाण्यात शिरली. तिचा दम अजून कच्चा होता. पहिल्या बुडीत ती अर्ध्यातूनच परतली. दुसऱ्या बुडीत तिने खेकड्याला हाकललं आणि मला उचललं. कपारीत माझ्या बैठकीची, माझ्याच आकाराची स्वच्छ खूण होती. तिने मला तिथे टेकवलं आणि माझा पाय चिकटेपर्यंत माझ्यावर हात धरून ठेवला. शेजारचा नर जागेवरच होता. त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

मित्रांनो, समुद्रावर आलात तर दगड उलटून जरूर बघा. पण नंतर तो होता तसाच ठेवा. माझ्या कपारीजवळच्या दगडाखाली सध्या आमचं नखाएवढं एक पिल्लू राहतं.