लांबपंख्याच्या पाण्यात

इन्साफच्या पोटरीवर बेचाळीस टाके पडले होते. जखम भरायला नऊ महिने गेले. कुसेर गावातल्या घरी तिच्या आईने पाण्यात बुडी मारायचा पोशाखच लपवून ठेवला होता. इन्साफने तो पिठाच्या डब्यामागून शोधून काढला, आईच्या देखत पिशवीत भरला आणि तांबड्या समुद्रावरच्या मार्सा आलम बंदराची गाडी धरली. बोटीवर वाटाडी म्हणून तिची ही पहिलीच फेरी होती, आणि तीही शाब अल-हारिसच्या खडकांकडे. शार्कने तिला धरलं होतं ते तिथेच.

सकाळी बुडी मारायला आलेले सहा पाहुणे तिच्याभोवती बसले. त्यांत अलेक्झांड्रियाचे दातांचे डॉक्टर शुक्री होते, मांडीवर भलामोठा कॅमेरा घेऊन. हातोडीसारख्या डोक्याचे शार्क खाली कळपाने फिरतात म्हणे, मग धोका किती, असं त्यांनी विचारलं.

इन्साफ म्हणाली की ते लाजाळू असतात. आपल्या श्वासाचे बुडबुडे ऐकले तरी पळतात. खडकाजवळचा करडा शार्क आधी सांगून चिडतो. पाठीला पोक काढतो, बाजूचे पंख खाली पाडतो. तसं दिसलं की मुकाट्याने मागे सरायचं.

"आणि ज्याला घाबरायचं, तो कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लांबपंख्या. पंखांची टोकं पांढरी असतात. तो खोल जात नाही, वरच, बोटीखाली असतो. उघड्या समुद्रात खायला कमी मिळतं, म्हणून दिसेल ते जवळ येऊन तपासतो, धक्का देऊन बघतो. तो आला की पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, एकमेकांना सोडायचं नाही." मग तिने पायजम्याचा पाय वर केला. "मी पाठ दाखवली होती."

पाहुणे उठून पोशाख चढवायला लागले.

तीस मीटर खोलीवर हातोडीवाले दिसले, अकरा होते. निळ्या पाण्यातून आले तसे शांतपणे निघून गेले. इन्साफचा श्वास एका लयीत चालला होता. परतताना खडकाच्या कडेने ती पाहुण्यांना घेऊन वर, पाच मीटर खोलीवर आली, आणि तिथे लांबपंख्या होता.

त्याने पहिला फेरा दुरून घातला. दुसरा त्याहून जवळून. इन्साफच्या उजव्या पायातला जीवच गेला. तिने मोजले तर पाचच जण होते. डॉक्टर बोटीच्या बाजूला सरकून, कॅमेरा डोळ्याला लावून एकटेच तरंगत होते. त्यांच्या भोवती कांद्याची सालं आणि कोंबडीच्या कातडीचे तुकडे होते. बोटीवरून कोणीतरी स्वयंपाकघरातली बादली पाण्यात रिकामी केली होती.

पाचांना तिने खडकाला पाठ लावून उभं केलं आणि ती उघड्या पाण्यात निघाली. पाय हलत नव्हता. तिने तो हलवला. शार्क वळून सरळ डॉक्टरांवर आला, तेव्हा तिने त्यांच्या हातातला कॅमेरा हिसकावून त्याच्या नाकाडावर दाबला. त्याची कातडी तिच्या बोटांना खरखरीत लागली. तो बाजूला झाला, पण गेला नाही. त्याच्या डोळ्यावरची नजर न काढता, डॉक्टरांचा दंड धरून ती मागे मागे खडकापर्यंत आली.

बोटीची शिडी जवळ होती, पण घाण तिथेच होती. तिने खुणेचा पिवळा फुगा वर सोडून रबरी होडी खडकाशी बोलावली आणि दोघादोघांना वर पाठवलं. ती शेवटी निघाली.

बोटीचा तांडेल बुखेत हा केस पिकलेला माणूस, सगळे त्याला रईस, म्हणजे कप्तान, म्हणत. आचाऱ्याकडून एक बादली सांडली तर एवढं काय, असं त्याचं म्हणणं. दुपारी पाहुणे याच जागी पुन्हा उतरणार होते.

"कोणी उतरणार नाही," इन्साफ म्हणाली.

"घाबरलीस तू पोरी. कबूल कर की."

"घाबरले. पाय लाकडासारखा झाला होता. तरी सहाच्या सहा वर आणले. आता तो बोटीखाली खायला मिळतं हे शिकलाय, रईस. पुढच्या वेळी तो कोणाला धरेल ते ना तुम्ही सांगू शकता, ना मी."

"मालकाला काय सांगू?"

"इन्साफने नाही म्हटलं, असं सांगा."

एवढं बोलून तिने वायरलेस उचलला आणि त्या खडकांकडे येणाऱ्या दोन्ही बोटींना कळवलं: इथे लांबपंख्या चिकटलाय, बादली आमच्याच बोटीची, कोणाला पाण्यात उतरवू नका. पलीकडचा तांडेल हसून म्हणाला, की एका बाईला एकदा चावा बसला तर तिला समुद्रभर दात दिसतात. तिने तोच निरोप शब्दन् शब्द पुन्हा सांगितला. तिच्या हातून वायरलेस काढून घेणं रईसला सहज जमलं असतं. तो दाराशी उभा राहिला, मग पुढे जाऊन त्याने नांगर उचलायला सांगितलं. आचाऱ्याला खरकट्यासाठी झाकणाचं पिंप मिळालं, बंदरापर्यंत न उघडण्याच्या हुकुमासह.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीस मैलांवरच्या दुसऱ्या खडकापाशी, दोन पाहुण्यांनी उतरायला नकार दिला. इन्साफने त्यांना आग्रह केला नाही. डॉक्टर शुक्री मात्र तयार होऊन आले.

"आज मी तुमच्या हाताच्या अंतरावर राहीन," ते म्हणाले.

"त्याहून जवळ राहा," इन्साफ म्हणाली. तिने मास्क तोंडावर दाबला, खालचं पाणी नीट पाहून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी उडी मारली.