अठ्ठावन्न अंशांचा एसी

देवबागच्या रॉयस्टनने होमस्टेच्या वेबसाइटसाठी हवामान यंत्र घेतलं. ते तापमान आणि आर्द्रता मोजतं, आणि त्यावरून अंगाला किती गरम जाणवेल याचा आकडा काढतं. हा तिसरा आकडा दर वेळी नव्याने काढायचा की एकदाच काढून साठवायचा, असं सॉफ्टवेअरने विचारलं. रॉयस्टनने ‘साठवा’ निवडलं. ज्या घरात आमसुलं, सुके बांगडे आणि गोव्याच्या नातेवाइकांवरचे रुसवे वर्षानुवर्षं टिकवतात, तिथे दुसरं काय निवडणार?

त्याच्या इझाबेल आंटीला स्वतःच्या खोलीत एसी हवा होता. एसी एकच, आणि रॉयस्टनला तो पाहुण्यांच्या खोलीत बसवायचा होता. शेवटी ठरलं, जाणवणारा आकडा पन्नाशीपार गेला तर एसी आंटीचा.

खाऱ्या वाऱ्याने सेन्सर खराब होईल म्हणून आंटीने तो चुलीच्या वर टांगला. टिकवायचं ते धुरात टांगायचं, ही इथली रीतच. खाली पेज रटरटत होती. आकडा आला अठ्ठावन्न. आंटीच्या खोलीत एसी लागला, आणि पुण्याच्या एका कुटुंबाने, तुमच्याकडे माणसं शिल्लक आहेत का, असं विचारून बुकिंग रद्द केलं.

रॉयस्टनने सेन्सर माडाखाली नेला आणि त्या दिवसाचं तापमान, आर्द्रता दुरुस्त केली. तरी वेबसाइट म्हणे, तापमान एकतीस, जाणवतं अठ्ठावन्न. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या दिव्याने कुडाळहून फोनवर समजावलं की साठवलेल्या आकड्याला मागाहून केलेली दुरुस्ती कळत नाही. मोजलेलं तेवढं ठेव, बाकीचं विचारशील तेव्हा काढू दे. त्याने तसं केलं. अठ्ठावन्नचे सदतीस झाले.

पाना घेऊन तो आंटीच्या दाराशी गेला आणि एसी आता नियमाप्रमाणे पाहुण्यांचा आहे, असं त्याने कचेरीतल्या मराठीत कळवलं.

आंटीने अंगावरची चादरसुद्धा हलवली नाही.

“माडाखाली सदतीस आसतले, बाबा. चुलीकडे कोण होतां?”

रॉयस्टनने पाना खाली केला.

“पेज मी ढवळी होतंय. तुझां यंत्र माझ्या डोक्यार होतां. तां खोटां बोलूक नाय. उद्या तू ढवळ. पन्नास जाणावले नाय, तर एसी घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी पेज रॉयस्टनने ढवळली.

पाहुण्यांच्या खोलीत पंखा लागला.