मावशीच्या होडीत

थोरली दातांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात बसायची. धाकटी दलदलीच्या अभयारण्यात पर्यटकांना होडीतून फिरवायची. लेकीला पाणमांजर बघायचं वेड लागलं, म्हणून थोरली डॉक्टरांच्या हातापाया पडून रजा घेऊन तिला बहिणीकडे घेऊन आली.

घरी आईशी 'हो-नाही'पलीकडे न बोलणारी ही पोर इथे आल्यापासून मावशीला नुसती चिकटली होती. धक्क्यावर दोन होड्या होत्या, एक दोघींना पुरेल अशी, एक एकटीपुरती.

"मी मावशीच्या होडीत," लेक म्हणाली आणि बसलीसुद्धा.

"माय मरो, मावशी जगो," थोरली हसत म्हणाली. हसू ओठांपुरतंच होतं.

पुढून दोघींचं खिदळणं पाण्यावरून येत होतं. एवढं काय हसण्यासारखं? थोरलीने मुद्दाम वल्हं हळू केलं. बघू, कोणी मागे वळतं का. बहीण वळून बघायची; लेकीने मान वळवली नाही.

तेवढ्यात शेजारच्या लव्हाळ्यात खळबळ झाली. एक पाणमांजर वर आलं, तोंडात मासा, मागे दोन पिल्लं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. हे माझं, तिला वाटलं. यात मावशीचा वाटा नाही.

धक्क्यावर परतल्यावर लेकीचा चेहरा पडला होता. "एकही दिसलं नाही."

"मला दिसलं," थोरली बोलून गेली. "पिल्लांसकट."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही गप्पांत रंगला होतात."

लेकीचे डोळे भरले. पाठ फिरवून ती लाइफ जॅकेटचे पट्टे सोडू लागली. थोरलीला कुठे तोंड लपवावं कळेना.

धाकटी होडी बांधत होती. "ताई, उद्या मोठी होडी तुम्ही दोघी न्या. जागा तुलाच माहीत आहे. मी मागे असेन."

त्या चांगुलपणाचाही थोरलीला रागच आला.

सकाळी लेक पुढे बसली. लव्हाळ्यापाशी तिने विचारलं, "इथेच?"

"हो."

खूप वेळ थांबल्या. पाणी हललंही नाही.

"मावशी या होडीत असती तर सापडली असती," लेक म्हणाली.

"असेल," थोरली म्हणाली.

थोड्या वेळाने लेकीने मागे न बघताच विचारलं, "पिल्लं केवढी होती?"

थोरलीने वल्हं मांडीवर ठेवलं. "वळ इकडे. हातांनी दाखवते."

लेक वळली.