बेटावरच्या पायऱ्या

लवू टंडेल जन्मात सांगण्यासारखा एकच डोंगर चढला, आणि तोही दुसऱ्याच्या गुडघ्यांसाठी.

झालं असं की सन एकोणीसशे सव्वीसात त्याची आगबोट इटलीच्या एका बंदरात नादुरुस्त होऊन पडली. यंत्राला आठ दिवस लागणार होते. बोटीवरच्या मोठ्या मालमसाहेबाला, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या गोऱ्या अधिकाऱ्याला, संधिवात होता, आणि समोरच्या इस्किया नावाच्या बेटावर गरम पाण्याचे झरे होते. झरे गावात, गाव डोंगरावर, आणि साहेब धक्क्यावर. हे तिन्ही एकत्र आणायला एका भक्कम पाठीची गरज पडली. दाभोळच्या लवूची पाठ त्या वेळी बोटीवर सर्वांत रुंद होती. त्याने साहेबाला सलग पाच दिवस पाठुंगळीला घेऊन वर नेलं आणि खाली आणलं.

पुढच्या रजेत लवू घरी आला तेव्हा ओटीवर अर्धी वाडी जमली. साहेबाला घेऊन आपण ऐंशी पायऱ्या चढलो, असं त्याने सांगितलं. त्याच्या पुढच्या रजेत पायऱ्या दीडशे झाल्या. सन बत्तीसपर्यंत त्या चारशेवर गेल्या, आणि साहेब, जो मुळात किडकिडीत होता, त्याला ऐकणाऱ्यांच्या आग्रहाखातर दर रजेला वजन चढत गेलं. बेटाच्या किनाऱ्यावरची वाळू इतकी तापलेली की तीत पुरलेली अंडी शिजतात, हेही लवू सांगे. गंमत म्हणजे ते खरं होतं, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. विश्वास बसे तो संगमरवरी हौदावर. त्या हौदात आपण गळ्याइतक्या पाण्यात बसलो होतो, आणि एक गोरा माणूस टॉवेल घेऊन बाजूला उभा होता, असं लवू म्हणे, तेव्हा ओटीवर विड्यासुद्धा विझत.

त्याची बायको राही हे सगळं दाराआडून ऐकायची. लावणीच्या चिखलात वाकून आणि विहिरीची चढण चढून तिचे गुडघे पस्तिशीतच दुखायला लागले होते. एका रजेत, लोक बसलेले असतानाच, तिने दारातून विचारलं,

"आपल्या उन्हवऱ्याला पण गरम पाणी हाय म्हणतात. न्याल का एकदा?"

उन्हवरं म्हणजे काही विलायत नव्हे. भरतीबरोबर होडी सोडली की खाडीने वर अर्ध्या दिवसाचा प्रवास, ओहोटीबरोबर परत. पण ओटी भरलेली होती आणि लवूच्या अंगावर नवा कोट होता.

"इस्किया बघितलेला माणूस त्या डबक्यात उतरेल काय?" तो म्हणाला. "पुढच्या रजेला बघू."

लोक हसले. राही आत गेली. हे वाक्य मात्र बाहेर गेलं आणि बंदरभर फिरलं. होडीवाला दादू दिसला की हटकून विचारी, "काय टंडेल, डबक्यात येता काय?" मग लवूला जायची इच्छा झाली तरी जाता येईना. एकदा होडी ठरवायला म्हणून तो बंदरावर गेलाही, पण तिथे चारजण बसलेले बघून मासळी घेऊन परत आला. राहीने मासळी साफ केली. पुढच्या रजेला काय बघायचं ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही.

सन पस्तिसात बोटीवरची चाकरी संपली आणि लवू कायमचा घरी आला. अंगणात पाऊल टाकलं तर राही ओटीवरून आत जात होती, बसल्या बसल्या, हातांनी सरकत. पत्रात हे कुणी कळवलं नव्हतं. पत्रं दादू लिहायचा, आणि राही त्याला "सगळी खुशाल" एवढंच सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू बंदरावर गेला. चारजण बसलेले होतेच.

"दादू, उद्याच्या भरतीला होडी काढ. उन्हवऱ्याला जायचंय."

"डबक्यात?" दादूने विचारलं.

"डबक्यात," लवू म्हणाला.

दादूने पुढची चेष्टा तोंडातच ठेवली. तशी त्याला सवय नव्हती.

उजाडल्यावर लवू ओटीच्या कडेला पाठ करून वाकून उभा राहिला.

"बस."

"लोक बघतील," राही म्हणाली.

"साहेबाला बघितलंच ना लोकांनी?"

"तो साहेब होता."

पण बसली. दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती घातले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि इतकं अंग दिवसाउजेडी तिने त्याच्यावर कधी टाकलं नव्हतं. तिचं वजन एका भाताच्या भाऱ्याएवढंही नसेल. जोत्याच्या तीन पायऱ्या होत्या. लवू पहिली उतरला, दुसरी उतरला आणि तिसरीवर त्याच्या कमरेत काहीतरी सटकलं. तो तिला घेऊन तिथेच बसला. पाणंदीतून दादू होडीची काठी घेऊन येत होता, तो थबकून करवंदीच्या जाळीकडे बघायला लागला.

राहीने घाम पुसला. आपला नव्हे, त्याचा.

"साहेब हलका असेल," ती म्हणाली.

दादूने डोली सुचवली. चार माणसं सहज मिळतील, म्हणाला.

"नको बाबा," राही म्हणाली. "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. तुम्ही जाऊन या हो. होडी ठरवलीय, भरती काय थांबत नाय."

लवू कंबर धरून गेला. बरोबर तांब्याची कळशी नेली.

उन्हवऱ्याचं कुंड साधंच होतं. दगडी काठ, शेवाळ, आणि वर तरंगती वाफ. लवू पाण्यात उतरला, गळ्यापर्यंत बसला, आणि डोळे मिटले. अशा पाण्यात तो आयुष्यात पहिल्यांदाच बसत होता. इस्कियाला त्याला दाराच्या आत कुणी घेतलंच नव्हतं. साहेब आत डुंबायचा आणि लवू बाहेर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसायचा. संगमरवरी हौद त्याने दाराच्या फटीतून पाहिला होता. त्या फटीतल्या हौदापायी त्याने इतकी वर्षं या पाण्याला डबकं म्हटलं होतं.

कमरेतली गाठ हळूहळू सुटली. ती सुटली तसं त्याला फारच वाईट वाटायला लागलं. पाण्याने काही उपकार केला नसता, तर निदान आपलं म्हणणं खरं होतं असं तरी घरी सांगता आलं असतं.

"टंडेल, ओहोटी लागली," दादूने हाक मारली. तिसऱ्या हाकेला लवू उठला.

कळशी त्याने केळीच्या पानाने झाकून आपल्या कोटात गुंडाळली आणि दाभोळपर्यंत मांडीवर धरली. घरी येऊन कोट सोडला तर पाणी विहिरीच्या पाण्यासारखं गार. राहीने कळशीला हात लावून बघितला. लवूने चूल पेटवली. धूर बराच केला, पण शेवटी पेटवली. पाणी तापवून ओटीवर आणलं आणि तांब्यातांब्याने तिच्या गुडघ्यांवर ओतायला लागला.

"कसं होतं तिथलं?" तिने विचारलं.

"गरम."

"तुमच्या बेटावरच्यासारखं?"

लवूने तांब्या थांबवला. "तिकडे मी पाण्यात उतरलोच नाय. बाहेर साहेबाचे बूट धरून बसायचो."

राहीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तिला राग आलाय की हसू येतंय, ते अठ्ठावीस वर्षांनंतरही त्याला ओळखता येईना.

"आणि पायऱ्या?"

"अडतीस."

"अडतीस," राही म्हणाली. "तेवढ्या तर तेव्हा मी चालत चढले असते."

लवू तांब्या हातात धरून तसाच बसला.

"ओता," ती म्हणाली. "निवतंय."